‘द इंग्लिश पेशंट’ किपसाठी वाचा

मायकेल ओंडाट्जे यांची ही कादंबरी प्रेमकथा म्हणून ओळखली जाते. तिला १९९२ चं बुकर मिळालं, पुढे सिनेमा आला, आणि मग ती अल्माशी आणि कॅथरीन या प्रेमी जोडीचीच होऊन बसली. माझ्या लेखी ती किपची आहे.

किप म्हणजे किरपाल सिंग. पंजाबातला शीख, ब्रिटिश सैन्यात बॉम्ब निकामी करणारा. दुसरं महायुद्ध संपत आलंय. इटलीतल्या एका पडक्या वास्तूत हाना ही कॅनडाची नर्स अंगभर भाजलेल्या एका अनोळखी माणसाची सेवा करतेय. तिथे किप येतो.

माझी नोकरी वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसांवर गेली. गेटवर काडीपेटी काढून ठेवून आत जायचो. दारूजवळ काम करणाऱ्याचे हात कसे चालतात ते मला ठाऊक आहे, आणि ओंडाट्जे यांनी ते अचूक पकडलंय. बागेत पुरलेल्या स्फोटकाच्या तारा सोडवताना किपला हात अपुरे पडतात, तेव्हा हाना तार धरून उभी राहते. या पुस्तकातलं सगळ्यात खरं प्रेम मला तिथे दिसलं. इंग्लंडातल्या प्रकरणात तर बॉम्बच्या फ्यूजची, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या कळीची, बॅटरी थिजवायला तो द्रवरूप ऑक्सिजन ओततो. त्याचे गुरू लॉर्ड सफोक नुकतेच बॉम्ब उघडतानाच गेलेले असतात. हे सफोक खरोखर होऊन गेले. १९४१ मध्ये असेच गेले.

वाळवंटाचा भाग, म्हणजे त्या भाजलेल्या पेशंटच्या, अल्माशीच्या आठवणी, तोही कमी नाही. खमसिन, घिब्ली, सिमूम अशा वाऱ्यांची पानं मी ऐन मे महिन्यात वाचली. बाहेर भुसावळचं ऊन, कूलर नुसता गरम हवा फेकतोय, तरी मागे जाऊन पुन्हा वाचली. पण कॅथरीन आपल्याला कळते ती बहुतेक अल्माशीच्या आठवणीतून. तिला स्वतःला काय वाटलं असेल, ते हाती लागत नाही. ही उणीव मला शेवटपर्यंत जाणवली.

आता दगाबाजी. अल्माशी मित्राच्या बायकोवर प्रेम करतो, पुढे जर्मन हेराला वाळवंटातून कैरोपर्यंत पोहोचवतो. पण किपच्या वाट्याला येतं ते याहून मोठं आहे. त्याचा भाऊ इंग्रजांना विरोध करून तुरुंगात गेलाय. त्यानं सावध केलं होतं, तरी किप इंग्रजांसाठीच एकेक बॉम्ब निकामी करत राहिला. मग हिरोशिमाची बातमी येते, आणि तो बंदूक घेऊन थेट त्या ‘इंग्लिश’ पेशंटच्या खाटेपाशी जातो. हा शेवट ओढूनताणून आणलाय असं म्हणणारे वाचक आहेत. मला अजिबात पटत नाही. एकेक फ्यूज जिवावर उदार होऊन काढणाऱ्यालाच त्या एका बॉम्बचा अर्थ सगळ्यात आधी कळणार.

इंग्रजी सोपं नाही, काळ मागेपुढे होतो, सुरुवातीला नेट लावावा लागतो. आणि सिनेमा आधी पाहू नका. त्यात हिरोशिमा गाळूनच टाकलंय.