ग्रेनाडाचा पासपोर्ट, अमेरिकेचा व्हिसा आणि आमचे साडेअकरा लाख

पासपोर्ट विकत मिळतो, आणि कायदेशीर मिळतो. हे आधीच सांगतो, कारण ज्यांना हे ठाऊक नसतं ते या वाटेला जातच नाहीत. यात अडकतात ते बातम्या वाचून, चौकशी करून आलेले लोक.

ग्रेनाडा हा कॅरिबियन समुद्रातला चिमुकला देश. लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, जायफळाचं पीक इतकं महत्त्वाचं की थेट झेंड्यावर जायफळ. सरकारच्या निधीत देणगी दिली की तिथलं नागरिकत्व मिळतं, तसा त्यांचा २०१३ चा कायदाच आहे. आम्ही चौकशी केली तेव्हा एकट्या अर्जदाराला ही देणगी दीड लाख डॉलर होती. जुलै २०२४ पासून ती २ लाख ३५ हजार झाली. शेजारचं सेंट किट्स हा व्यवहार १९८४ पासून करतंय.

भारतीयांना ग्रेनाडाचंच आकर्षण का, तर अमेरिकेमुळे. दोन्ही देशांत १९८९ पासून करार आहे, त्यामुळे ग्रेनाडाच्या नागरिकाला अमेरिकेत धंद्यात पैसे गुंतवून ई-२ व्हिसावर राहता येतं. भारताशी असा करार नाही. माझा मुलगा टेक्सासमध्ये एमएस करून नोकरीला लागलेला, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव लागत नव्हतं. अशा घरांचे फोन नंबर पासपोर्ट मिळवून देणाऱ्या कन्सल्टंटांकडे कुठून जातात, देव जाणे.

२०२३ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका बड्या हॉटेलात सेमिनार झाला. बोलणारा आपला मराठी माणूस, चाळिशीचा, प्रत्येकाला काका-काकू म्हणणारा. "काका, पोराचं आयुष्य लॉटरीवर टांगून ठेवायचं का?" हे त्याचं वाक्य ऐकून माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. मग घाई लावली. १ ऑक्टोबरपासून परदेशी पैसे पाठवताना सात लाखांवरच्या रकमेला २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ वसूल करायचा कर, लागणार, त्याआधी उरका म्हणे. टीसीएस लागणार होता हे खरंच; पण तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, हे तो बोलला नाही.

आणखी एक गोष्ट तो बोलला नाही, आणि सगळी मेख तिथे होती. डिसेंबर २०२२ मध्येच अमेरिकेने कायदा बदलला होता. पैसे गुंतवून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या माणसाला ई-२ हवा असेल, तर अर्जाआधी सलग तीन वर्षं त्या देशात वास्तव्य हवं. म्हणजे पोराने टेक्सासमधली नोकरी सोडून आधी तीन वर्षं ग्रेनाडात जाऊन राहायचं. सेमिनारच्या स्लाइडवर मात्र 'सहा महिन्यांत अमेरिका'.

फाइल उघडणं, पार्श्वभूमी तपासणी आणि सल्ला फी असे मिळून आम्ही साडेअकरा लाख भरले, सगळे बँकेतून. करारावर दुबईच्या एका कंपनीचं नाव होतं; पुण्याचं ऑफिस म्हणे नुसतं मार्केटिंगचं. महिन्याभरात व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आलं: तत्त्वतः मंजुरी मिळाली, आता देणगी भरा. खालचा खातेक्रमांक दुबईतल्या कुठल्याशा ट्रेडिंग एलएलसीचा. सरकारला द्यायची देणगी व्यापारी कंपनीच्या खात्यात कशी, असं विचारलं तर उत्तर आलं, "एस्क्रो आहे काका, म्हणजे काम होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे, सेफ आहे."

बायकोला ते पत्र सुरुवातीपासून पटलं नव्हतं. "त्याची मुलाखत कधी झाली?" एवढंच ती विचारत राहिली. तिचं बरोबर होतं. बेटांच्या या देशांनी फेब्रुवारी २०२३ मध्येच अमेरिकेला कबूल केलं होतं की प्रत्येक अर्जदाराची मुलाखत घेऊ. आमच्या मुलाला कुणी साधा फोनही केला नव्हता. ग्रेनाडा सरकारच्या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची यादी असते. त्यात आमच्या कन्सल्टंटचं नाव नव्हतं. यादीतल्या एकाला ईमेल केला, त्याने सरळ लिहिलं: अर्ज बेटावरच्या परवानाधारक एजंटामार्फतच दाखल होतो, आणि देणगी मंजुरीनंतर, सरकारच्याच खात्यात. मुलाने तिथल्या कार्यालयाला स्वतः लिहिलं. त्याच्या नावाची फाइलच तिथे पोचली नव्हती.

पैसे परत मागितले तेव्हा कराराचं कलम दाखवलं: दिलेल्या सेवेचा परतावा नाही, वाद दुबईत चालेल. वर तडजोड म्हणून वानुआतू या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाचा पासपोर्ट देऊ केला. "स्वस्तात होईल, आणि युरोप व्हिसाशिवाय." वानुआतूच्या पासपोर्टसाठी युरोपने ती सवलत फेब्रुवारी २०२३ पासूनच पूर्ण थांबवली होती, जुलैत ब्रिटननेही व्हिसा लावला, डिसेंबर २०२४ मध्ये युरोपने ती कायमची काढून घेतली. बरं, पासपोर्ट मिळाला तरी तो टिकेलच असं नाही. मार्च २०२५ मध्ये ललित मोदीचा वानुआतूचा पासपोर्ट रद्द करायला तिथल्या पंतप्रधानांनीच सांगितलं.

सेमिनारमध्ये टाळ्या पडल्या त्या मात्र एका वेगळ्याच थापेला. "भारतीय पासपोर्ट ठेवा तसाच कपाटात, कुणाला कळतंय?" अहो, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे: स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. पासपोर्ट जमा करावा लागतो, त्यावर नंतर प्रवास केला तर गुन्हा. पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, मिळू शकतं, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली राहते. गावाकडे सातबारा असलेल्या किती जणांना त्या हॉटेलात हे माहीत होतं?

ज्यांनी रोख दिली त्यांचं दुखणं आणखी वेगळं. "इथे रुपये द्या, तिथे डॉलर जमा होतील," असं त्यांना सांगितलं होतं. हा सरळ हवाला, फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचं उल्लंघन. नियमाने एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बँकेतून पाठवता येतात, तेव्हा रोखीची गरजच नव्हती. गरज त्या कन्सल्टंटला होती, कारण असा माणूस पोलिसांकडे जायला कचरतो.

आर्थिक गुन्हे शाखेत मी अर्ज दिला. सोबत बँकेचे उतारे, करार, ते पीडीएफ आणि ग्रेनाडाहून आलेला ईमेल जोडला. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, आणखी कुणी आहे का? नाशिकचे एक बिल्डर आहेत, त्यांचे माझ्या चौपट गेलेत, सगळे रोखीने. त्यांना फोन केला. म्हणाले, "साहेब, माझं नाव घेऊ नका." अर्जावर माझी एकट्याचीच सही आहे.