गल्लीतून घरात आलेलं मांजर: वेळ ठरवून सोडायचं, हार्नेस घालून फिरवायचं की गॅलरीला जाळी मारायची?

गल्लीत वाढलेलं मांजर घरी आणलं की पहिले चार दिवस ते कॉटखाली असतं आणि पाचव्या दिवसापासून दाराशी. सेफ्टी डोअरच्या कडीचा आवाज ते ओळखायला लागतं, आणि दूध घ्यायला दार उघडलं की पायांमधून निसटतं. ऊन कुठे पडतं, पाणी कुठे मिळतं, कुत्रा आला तर कुठून पळायचं हे सगळं त्याला बाहेरचं पाठ असतं, घरातलं काहीच नसतं. त्यामुळे ओढ असणारच. ती भागवायच्या तीन वाटा पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये दिसतात. तिन्ही वापरून झाल्यावर माझा कल एकीकडे झुकला आहे, तरी तुमचं घर आणि तुमचं मांजर वेगळं असेल तर उत्तर वेगळं निघू शकतं.

नसबंदी आणि लसी तुम्ही करणारच, असं धरून चालतो. फक्त एक बघा: कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर नसबंदी बहुतेक आधीच झालेली आहे. डॉक्टरांच्या ते लक्षात आणून द्या, नाहीतर भाटीचं पोट विनाकारण पुन्हा उघडलं जाईल.

दिवसा सुटं, रात्री घरात

खर्च जवळजवळ शून्य आणि मांजर खूश, म्हणून बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. सकाळी अगदी थोडं खायला देऊन सोडायचं. मुख्य जेवण दिवेलागणीच्या आधी, रोज त्याच वेळी, घरातच, वाटी वाजवून. आठ-दहा दिवसांत मांजर त्या आवाजावर यायला लागतं. रात्र टाळायची, कारण कुत्र्यांच्या टोळ्या तेव्हा मोकळ्या असतात, बोक्यांची मारामारी तेव्हा जुंपते आणि गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की मांजर पळायचं सोडून जागच्या जागी थिजतं.

ही सगळी व्यवस्था भुकेवर चालते, आणि माझं घोडं तिथेच अडलं. गल्लीतल्या मांजराला एकच घर कधी नसतं. वॉचमनच्या डब्यातली पोळी, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं दूध, मासे विकणाऱ्या मावशींनी बाजूला काढलेली डोकी, चिकनच्या दुकानामागचे तुकडे. संध्याकाळी सहाला तुम्ही वाटी वाजवता तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं. मग साडेसात होतात, नऊ होतात, आणि टॉर्च घेऊन पार्किंगमधल्या एकेका गाडीखाली वाकून बघणं सुरू होतं. प्रेमाने घालणाऱ्याला ‘घालू नका’ म्हणणंही जिवावर येतं. गळपट्ट्याला कागदाची पट्टी गुंडाळून त्यावर ‘मला औषध चालू आहे, कृपया खायला देऊ नका’ असं लिहिण्याचा उपाय खरोखर चालतो, पण चार-पाच दिवसच. पट्टी फाटते, पाऊस येतो, वॉचमन बदलतो.

हा त्रास नुसता जागरणाचा असता तर सोसला असता. पण मांजर आजारी आहे हे सगळ्यात आधी वाटीवरून आणि मातीच्या ट्रेवरून कळतं, आणि बाहेर जेवणाऱ्या, बाहेरच उरकणाऱ्या मांजराच्या बाबतीत ही दोन्ही गमकं हातातून जातात. बोक्याची लघवी अडली तर चोवीस तासांच्या आत दवाखाना गाठावा लागतो. ट्रे घरात असेल तर तो वारंवार बसतो, कुंथतो आणि माती कोरडीच राहते हे दिसतं. बाहेर कुठल्याशा कुंडीत तो काय करतो, कोण बघणार? जंताची गोळी कालवलेला घास अर्धा सोडून मांजर निघून जातं तेव्हाही तेच. गोळी पोटात गेली की नाही ते सांगता येत नाही.

तरीही सोडणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. चावल्याची जखम वरून दोन दिवसांत बुजते आणि आत पू धरतो, म्हणून मांजर आत आलं की रोज गालांवरून, मानेवरून आणि शेपटीच्या बुंध्यावरून हात फिरवा. गरम, दुखरी गाठ लागली तर थांबू नका. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध मांजराला कधीच लावू नका, कारण त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, शेजाऱ्यांनाही सांगा. पावसात आणि थंडीत मांजरं गरम इंजिनाशी जाऊन बसतात.

ट्रॅकरबद्दल हमखास विचारलं जातं. अ‍ॅपलचा एअरटॅग साधारण ११ ग्रॅमचा, मांजराला जड होत नाही, पण त्यात जीपीएस नाही. जवळून अ‍ॅपलचा फोन गेला तरच त्याची जागा कळते, म्हणजे ती कधी दहा मिनिटांपूर्वीची, कधी तीन तासांपूर्वीची. सिमकार्डवर चालणारे जीपीएस ट्रॅकर चालती जागा दाखवतात, पण ते साधारण तीस ग्रॅमचे असतात आणि तीन-साडेतीन किलोच्या आपल्या मांजराच्या गळ्यात ते लोंबतात. चार्जिंगही दर दोन-चार दिवसांनी. शिवाय कंपाउंडच्या पलीकडे, बंद गोडाऊनच्या पत्र्यावर ठिपका दिसला तरी तिथे पोचायचं कसं हा प्रश्न उरतोच. कातडीखाली बसवायच्या मायक्रोचिपला बॅटरी नसते, ती जागा सांगत नाही. हरवलेलं मांजर कुणी दवाखान्यात नेलं आणि तिथे स्कॅनर असला तरच तिचा उपयोग. गळपट्टा काहीही असो, ओढ बसल्यावर आपोआप सुटणाऱ्या बकलचाच घ्या आणि आत दोन बोटं जातील इतका सैल ठेवा.

हार्नेस

हार्नेस म्हणजे छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा, त्याला दोरी लावून मांजर फिरवायचं. ही वाट मला आवडते, पण एकटी पुरत नाही. सवय लावायची ती सावकाश. तीन दिवस हार्नेस नुसता जेवणाच्या वाटीशेजारी ठेवा. मग बकल न लावता अंगावर टाका, मग लावून पाच मिनिटं. मांजर आडवं पडेल, कंबर मोडल्यासारखं चालेल. ते सगळ्यांचं होतं. खाऊ दाखवा, उठेल. घराबाहेर पडायला दोन-तीन आठवडे लागले तर चांगलं चाललंय असं समजा.

अडचण वेगळीच आहे. घाबरलेलं मांजर पुढे पळत नाही, मागे सरतं, आणि मागे सरताना खांदे आकसून बहुतेक हार्नेसमधून अलगद बाहेर येतं. अरुंद पट्ट्यांच्या हार्नेसपेक्षा छातीभर येणारा जॅकेटसारखा बरा, पण त्यातूनही निसटणारी मांजरं आहेत. विकत घेतल्यावर घरातच तोंडासमोरून दोरी हलकेच ओढून बघा. आत सुटलं तर गल्लीत नक्की सुटेल. बाहेर नेताना कापडी पिशवी किंवा कॅरियर बरोबर हवाच, म्हणजे कुत्रा दिसला की मांजर आत घालून चेन लावता येते. हातात उचललेलं घाबरलं मांजर तुमचा खांदा फाडून झाडावर जातं. आणि एकदा पहाटे साडेपाचला फिरायची सवय लागली की ते रोज साडेपाचला दाराशी ओरडणार, तुम्ही गावी गेलात तरी. ज्यांना हे रोज निभेल त्यांच्यासाठी उत्तम.

गॅलरीची जाळी

माझा कौल इथे आहे. ऊन, वारा, चिमण्या, खालचे आवाज, पावसाचा वास हे सगळं मांजराला मिळतं, आणि वाटी व ट्रे दोन्ही तुमच्या नजरेत राहतात. पण ‘जाळी’ म्हणून लोक तीन वेगळ्या वस्तू बसवतात आणि त्यातल्या दोन मांजरासाठी नाहीत.

कबुतरांसाठी जी नायलॉनची जाळी मारतात ती स्वस्त, अर्ध्या दिवसात बसते, बाहेरून दिसतही नाही. कबुतर तिला चोच मारत नाही, मांजर मात्र दातांनी कुरतडतं आणि नखांनी चढतं. या जाळीत एक धागा तुटला की शेजारची दोन घरं (भोकं) एक होतात, म्हणजे दीड इंचाच्या जागी तीन इंच. मांजराची हासळी कुठल्या हाडाला जोडलेली नसते, त्यामुळे डोकं गेलं की अंग जातं, आणि मोठ्या मांजराचं डोकं साधारण अडीच इंचांतून जातं. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे झाल्यावर हीच जाळी बोटांत चोळून बघा, धागा पिंजारतो. ती मारणारच असाल तर कड्या नऊ इंचांपेक्षा दूर नकोत आणि खालची एक फूट पट्टी लोखंडी जाळीची हवी, कारण मांजर कुरतडतं ते बसल्या जागेवरून.

अदृश्य ग्रिल म्हणून मिळणाऱ्या उभ्या तारा माणसांच्या मुलांसाठी ठीक. दोन तारांमध्ये दोन इंचांचं अंतर असलं तरी ताण सैल झाला की मांजर डोक्याने त्या फाकवतं. पिल्लाला तर फाकवायचीही गरज नाही.

उरली वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून केलेली जाळी. स्टेनलेस ३०४, तार १६ गेजची म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, घर एक इंचाचं. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर अर्ध्या इंचाचं. समुद्राजवळ राहत असाल तर गॅल्वनाइज्डच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी जाळीच्या, नादी लागू नका. खाऱ्या हवेत वेल्डच्या सांध्यांपासून गंज धरतो, सांधा सुटतो आणि जाळी बाहेरून धड दिसत असताना हाताने दाबली की आत जाते. पुण्यासारख्या कोरड्या गावात गॅल्वनाइज्ड बरी टिकते.

काम स्लायडिंगवाल्याकडून, म्हणजे सरकत्या खिडक्या बसवणाऱ्याकडून, करून घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी, एकेक चार फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठी नको, म्हणजे धुवायला काढता येते. चौकट भिंतीला रावळप्लग (भिंतीतल्या भोकात बसणारी प्लॅस्टिकची नळी) आणि स्टेनलेस स्क्रूने, दर सहा ते आठ इंचांवर, वॉशर घालून. जाळी स्क्रूने नुसती दाबून धरतात, त्याऐवजी वरून पट्टी मारायला लावा, नाहीतर मांजर चढून चढून कोपरा सोडवतं. कठड्याच्या वर, पाण्याच्या पाइपाभोवती आणि एसीच्या बाहेरच्या युनिटमागे एक इंचापेक्षा मोठी फट राहू देऊ नका. कारागीर सरळ भाग सुरेख करतो आणि पाइपाभोवती कापून तसंच सोडतो, म्हणून पैसे देण्याआधी तिथे स्वतः हात घालून बघा. एक चौकट बिजागरीवर उघडणारी हवीच, खिटी वरच्या बाजूला. एसीचा माणूस येतो तेव्हा ती लागते, आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

सोसायटीची अडचण बहुतेक वेळा बाहेरच्या दिसण्यावरून येते. जाळी ग्रिलच्या आतल्या बाजूने लावली आणि चौकटी काढता येण्याजोग्या आहेत हे अर्जात लिहिलं, सोबत फोटो जोडला, की विरोध बराच मावळतो.

आता नुसती रिकामी जाळीबंद गॅलरी म्हणजे पिंजराच. त्यात कठड्याच्या उंचीवर एक फूट रुंद फळी, तिच्यावर आणखी एक, एक सव्वादोन-अडीच फूट उंचीचा सुतळी घट्ट गुंडाळलेला खांब, आणि कुंडीत पेरलेले गहू. गव्हाचे कोंब मांजरं आवडीने खातात. लिलीची कुंडी मात्र घरातच नको. तिची पानं, फुलं, परागसुद्धा मांजराच्या किडन्या निकामी करतात.

घरात रुळवताना

बाहेरचं मांजर आत रुळवायची सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे नसबंदीनंतरचे दहा दिवस. तेव्हा त्याला घरात ठेवावंच लागतं, दार पुन्हा उघडूच नका. ट्रेमध्ये पहिल्या आठवड्यात ते जिथे जात होतं तिथलीच माती निम्मी आणि लिटर (ट्रेसाठी विकत मिळणारे दाणे) निम्मं, मग दर आठवड्याला माती कमी. संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं काठीला दोरी बांधून दमवा आणि लगेच जेवण द्या. पहाटे चारला ते दाराशी ओरडेल. हे तीन-चार आठवडे चालतं. एखाद्या रात्री कंटाळून दार उघडलंत तर तासभर ओरडलं की दार उघडतं एवढंच ते शिकतं, आणि पुढची रात्र दोन तासांची होते. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, हे आधी नीट समजावून सांगा. त्यांना ते ओरडणं ऐकवत नाही.

कोकणातलं कौलारू घर, परसात माड-पोफळी, आणि पाच-सहा वर्षं मोकळा फिरलेला बोका असेल तर मी जाळीचा आग्रह धरणार नाही. तिथे नसबंदी, रेबीजची लस आणि रात्रीची बंद पडवी एवढं साधलं तरी पुष्कळ. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर कंपाउंडच्या भिंतीवर दोन फूट जाळी आतल्या बाजूला तिरकी, थोडी ढिली लावतात. हलणाऱ्या जाळीवर मांजराला पाय रोवता येत नाही. भिंतीपासून सहा-सात फुटांच्या आत झाड असेल तर मात्र तो खर्च फुकट जातो.

फ्लॅटमध्ये असाल आणि जाळी मारायचं ठरलंच, तर मे महिन्यात मारून घ्या, पावसात भिंतीत प्लग नीट बसत नाहीत. पहिले आठ दिवस मांजराला गॅलरीत एकटं सोडू नका. चहा घेऊन तिथे बसा आणि ते कुठल्या कोपऱ्यात पंजा अडकवतं, कुठे नाक लावून दाबतं ते बघा. ती जागा खडूने खुणा करून ठेवा, आणि स्लायडिंगवाल्याला परत बोलावून तिथे एकेक स्क्रू वाढवून घ्या.