कांद्याच्या चाळीतला रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू : वायफाय जोडणीचा एका हंगामाचा अनुभव

निफाड तालुक्यातील आमच्या घरापासून साधारण ऐंशी फुटांवर कांद्याची दुपाखी (दोन रांगांची) चाळ आहे. एप्रिलअखेर उन्हाळ कांदा चाळीत भरला की पुढचे चार-पाच महिने सगळी भिस्त आतल्या हवेवर असते. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता साठवणुकीला चांगली मानली जाते; पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वर चढत गेली की कूज आणि कोंब यांची धास्ती सुरू होते. वडील रोज सकाळी चाळीत हात घालून हवेचा अंदाज घेतात आणि तो बहुधा बरोबरही असतो, पण रात्री दोन वाजता तिथे काय चालले आहे हे कोणालाच कळत नाही. म्हणून चाळीत एक लहान संगणक बसवून दर दहा मिनिटांनी तापमान व आर्द्रतेची नोंद घरातल्या लॅपटॉपवर पाठवायची, असे ठरवले आणि त्यासाठी रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू घेतला. हा अभिप्राय मुख्यतः त्याच्या वायफायविषयी आहे, कारण बोर्ड विकत घेणे सोपे असते; तो नेटवर्कवर आणणे आणि तिथे टिकवून ठेवणे यातच खरे काम आहे.

बोर्ड ६५ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद, म्हणजे च्युइंगमच्या पाकिटापेक्षा फारसा मोठा नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो १५ डॉलर किमतीला बाजारात आला. मला कर आणि कुरिअर धरून दोन हजार रुपयांच्या आत पडला. चार गाभ्यांचा एक गीगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट मेमरी, ब्लूटूथ आणि २.४ गीगाहर्ट्झचे वायफाय एवढे त्यात आहे. ५ गीगाहर्ट्झचे वायफाय नाही, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे. शेताच्या कामाला मात्र ही उणीव वाटत नाही, कारण २.४ गीगाहर्ट्झच्या लहरी भिंती आणि अंतर यांना जास्त पुरतात आणि दहा मिनिटांनी दोन आकडे पाठवायला वेगाची गरजच नसते.

या बोर्डाला नेहमीचे यूएसबी किंवा एचडीएमआय सॉकेट नाही. मिनी एचडीएमआय आणि मायक्रो यूएसबी असल्यामुळे पडदा आणि कीबोर्ड जोडायचा तर दोन वेगळे अडॅप्टर लागतात. त्यामुळे बहुतेक लोक हा बोर्ड पडद्याविना, थेट वायफायवरून चालू करतात, आणि जोडणी फसली तर समोर एक हिरवा दिवा लुकलुकण्यापलीकडे कसलीही खूण मिळत नाही. मी पहिला एक पूर्ण दिवस त्या दिव्याकडे बघण्यात घालवला.

कारण असे होते की मी जुन्या पद्धतीने गेलो. पूर्वी मेमरी कार्डाच्या बूट विभागात डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाची एक छोटी फाइल ठेवली, तिच्यात वायफायचे नाव आणि पासवर्ड लिहिला की बोर्ड स्वतःहून जोडला जाई. आजही बहुतेक ठिकाणी हाच मार्ग सांगितलेला सापडतो. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ओएस या लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीच्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्कचे व्यवस्थापन नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रामकडे गेले आणि ती फाइल आता वाचलीच जात नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याचे सर्वांत जास्त तास इथेच वाया जातात, असे माझे मत झाले आहे.

योग्य मार्ग रास्पबेरी पाय इमेजर या मोफत प्रोग्राममधून जातो. कार्डावर प्रणाली लिहिण्यापूर्वीच तो वायफायचे नाव, पासवर्ड, देश, बोर्डाचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि एसएसएचची (दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरून आज्ञा देण्याच्या सोयीची) परवानगी विचारून घेतो. इथली पाच मिनिटे अतिशय शांतपणे द्यावीत. वायफायच्या नावात लहान-मोठे इंग्रजी अक्षर वेगळे धरले जाते, आणि नावाच्या शेवटी राहिलेली रिकामी जागासुद्धा नावाचाच भाग असते. आमच्या राउटरच्या नावाच्या शेवटी अशीच एक रिकामी जागा होती. मोबाईल यादीतून नाव निवडतो म्हणून त्याचे कधी अडले नाही, पण मी हाताने टाइप केलेले नाव मात्र वेगळे ठरले. राउटरच्या पानावर जाऊन ती जागा काढली आणि कार्ड पुन्हा लिहिले, तेव्हा बोर्ड पहिल्याच प्रयत्नात लागला.

देशाच्या रकान्यालाही लोक क्षुल्लक समजतात. कोणत्या चॅनलवर प्रसारण करायचे हे देशाच्या नियमांवर ठरते, म्हणून देश ठरल्याशिवाय वायफाय बंदच ठेवले जाते. आपल्याकडे २.४ गीगाहर्ट्झमध्ये १ ते १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेच्या नियमांत ते सहसा ११ पर्यंतच असतात. देश चुकून अमेरिका राहिला आणि राउटर स्वतःहून १२ किंवा १३ वर गेला, तर घरातले सगळे मोबाईल चालत असताना बोर्डाला मात्र नेटवर्क दिसणार नाही. तिथे भारतच निवडावा.

पहिल्यांदा चालू केल्यावर तीन-चार मिनिटे थांबावे, कारण बोर्ड कार्डावरील जागा वाढवून एकदा स्वतःच पुन्हा सुरू होतो. घाईने वीज काढली तर कार्डावरील मजकूर बिघडू शकतो. त्यानंतर बोर्डाच्या नावापुढे डॉट लोकल लावून एसएसएचने आत जाता येते; तसे न जमल्यास राउटरच्या पानावरील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत त्याचा पत्ता सापडतो. मी तिथेच तो पत्ता कायमचा राखून ठेवला. आत गेल्यावर वायफायमध्ये बदल करायचे असतील तर एनएमटीयूआय हा प्रोग्राम सुंदर आहे. काळ्या पडद्यावर साध्या चौकटी येतात, बाणांच्या कळांनी निवड करता येते आणि एकही आज्ञा पाठ करावी लागत नाही. त्यातच मी मोबाईलच्या हॉटस्पॉटचे नाव दुसरे नेटवर्क म्हणून भरून ठेवले, जेणेकरून राउटर बिघडला तरी बोर्डापर्यंत पोहोचता यावे. हॉटस्पॉट २.४ गीगाहर्ट्झवर असणे मात्र आवश्यक आहे. आयफोनमध्ये त्यासाठी ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करावे लागते. भावाचा हॉटस्पॉट फक्त डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर होता, त्याला माझा बोर्ड जोडला गेला नाही. आधीची डब्ल्यूपीए२ पद्धत केल्यावर लगेच जोडला गेला.

घरातल्या टेबलावर एवढे सगळे व्यवस्थित चालले. चाळीत नेल्यावर चित्र पालटले.

चाळीचे छप्पर पत्र्याचे आणि बाजू लोखंडी जाळीच्या आहेत. या बोर्डाचा अँटेना म्हणजे वर आलेली काडी नसून मिनी एचडीएमआयच्या खाचेजवळ पाटीतच कोरलेला एक लहानसा त्रिकोण आहे, आणि बाहेरचा अँटेना लावण्याची सोय नाही. धूळ आणि उंदीर यांच्या भीतीने मी बोर्ड पत्र्याच्या डब्यात बसवला होता; झाकण लावताच जोडणी तुटायची आणि उघडताच परत यायची. प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स आणल्यावर ती अडचण संपली, तरी चाळीच्या मध्यभागी सिग्नल उणे ७९ डेसिबल-मिलिवॅट एवढाच भरत होता. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बळकट असतो, आणि उणे ७५ च्या खाली जोडणी सतत धडपडते असा मला अनुभव आला. शेवटी बॉक्स घराच्या बाजूच्या लाकडी खांबाला, जाळीच्या बाहेर, पत्र्यापासून दीड हात खाली बसवला, अँटेनाची कड घराकडे केली आणि सेन्सरची तार तेवढी आत कांद्याच्या थरापर्यंत नेली. सिग्नल उणे ६३ वर आला. वायफायची ताकद वाढवणारे यंत्र घेण्याआधी प्रत्येकाने बोर्डाची जागा बदलून पाहावी.

त्यानंतरही दुपारी जोडणी मध्येच गळायची. त्याची दोन कारणे निघाली. एक म्हणजे वीज. जवळच्या दुकानातून घेतलेला चार्जर आणि त्याची दोन मीटरची बारीक तार वायफाय जोरात काम करू लागले की कमी पडत होती. ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा चांगला अडॅप्टर आणि आखूड जाड तार लावल्यावर सुधारणा झाली. दुसरे कारण वायफायच्या वीजबचतीचे. ती मुळात चालू असते, आणि बोर्ड बराच वेळ गप्प राहिला की एसएसएचला उत्तर यायला कित्येक सेकंद लागतात किंवा येतच नाही. नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या जोडणीच्या पॉवरसेव्ह या मूल्याला २ लिहिले की बचत बंद होते आणि पुन्हा चालू केल्यावरही बंदच राहते.

भारनियमनाचा मुद्दा आपल्या गावांना लागू आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. वीज आली की बोर्ड मिनिटभरात उठतो, राउटरला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो. राउटरचे नाव दिसते पण तो अजून पत्ता वाटायला तयार नसतो, अशा वेळी केलेले प्रयत्न फसतात, आणि नेटवर्कमॅनेजर सलग चार प्रयत्न फसले की काही काळ थांबून राहतो. ऑटोकनेक्ट रिट्राइज हे मूल्य शून्य ठेवले की तो थकत नाही, प्रयत्न करत राहतो. शिवाय या बोर्डात घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी नाही. वेळ नेटवर्कवरून मिळते. त्यामुळे जोडणी होण्याआधी घेतलेल्या नोंदींवर जुनीच वेळ पडते, आणि जुलैमध्ये आमच्या तक्त्यात पहाटेचा दमटपणा आदल्या संध्याकाळच्या खात्यात जमा झालेला दिसला. आता वेळ जुळल्याशिवाय नोंद घ्यायची नाही अशी अट मी प्रोग्राममध्ये घातली आहे.

या किमतीत एवढे काम करणारा दुसरा बोर्ड मी वापरलेला नाही, आणि हाच पुन्हा घेईन. फक्त तापमान मोजायचे असून लिनक्सशी अजिबात परिचय नसेल, तर साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (एकच ठरलेला प्रोग्राम चालवणारा) कमी विजेत आणि कमी त्रासात तेच करील. पण नोंदी साठवणे, आलेख काढणे, पुढे कॅमेरा जोडणे असा विचार असेल तर झिरो २ डब्ल्यू घ्यावा, आणि सोबत मिनी एचडीएमआय आणि मायक्रो यूएसबीचे अडॅप्टर पहिल्याच दिवशी मागवावेत; वायफाय रुसले की पडदा आणि कीबोर्ड जोडणे हाच आत जाण्याचा खात्रीचा दरवाजा आहे. श्रावणात सलग तीन रात्री आर्द्रता ८० च्या वर राहिल्याचे वडिलांनी मोबाईलवर पाहिले आणि चौथ्या दिवशी सकाळीच चाळीच्या पश्चिमेकडचे प्लॅस्टिकचे पडदे गुंडाळून वारा मोकळा केला. “दुसऱ्या पाखीला पण एक बसव,” असे ते त्या दिवशी म्हणाले, आणि दुसऱ्या बोर्डाचे कार्ड मी त्याच संध्याकाळी लिहायला घेतले.