एनुगूत औषध घ्यायचं तर: न्यू हेवनमधल्या एका फार्मसीबद्दल

नायजेरियात एनुगू शहरालगतच्या एमेनेच्या कारखान्यांत कामाला येणारा मराठी माणूस बॅगेत तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन उतरतो आणि चौथ्या महिन्यात विचारत सुटतो, इथे औषध कुठे घ्यायचं? मी मेंटेनन्सला आहे, मला ब्लडप्रेशर आहे आणि पावसाळ्यात मलेरिया गाठतोच, म्हणून उत्तर लिहून ठेवतो. एनुगूच्या न्यू हेवन भागात मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एक छोटी फार्मसी लागते. ती चालवणाऱ्या मुलीनं नाव छापू नका म्हणून सांगितलंय, तेव्हा नाव देत नाही. भिंतीवर फार्मसी कौन्सिलचा हिरवा क्रॉस आहे, दाराशी बाकडं आहे आणि बाकड्यापुढच्या स्टुलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो.

मुलगी तिशीच्या आतली, इग्बो म्हणजे इथल्याच समाजाची, न्सुक्काच्या विद्यापीठातून फार्मसी शिकलेली. गिऱ्हाईकं तिला डॉक्टर म्हणतात, ओळखीची माणसं 'फार्म' म्हणतात.

या दुकानाचा पहिला गुण असा, की मागितलं म्हणून औषध मिळत नाही. इथे ताप आला की लोक स्वतःच ठरवतात, मलेरिया. मग कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून कागदात बांधलेल्या पाच-सहा रंगांच्या सुट्या गोळ्या आणायच्या, नाव नाही, एक्स्पायरी नाही. ही मुलगी आधी बोटाला सुई टोचते. रॅपिड टेस्टच्या पट्टीवर रक्ताचा थेंब, मग पंधरावीस मिनिटं बाकड्यावर बसायचं. माझ्या आधी एक जण पैसे हातात घेऊन उभा होता, त्याची टेस्ट निगेटिव्ह आली. तिनं मलेरियाची गोळी दिली नाही, अँटिबायोटिकही दिलं नाही, ताप किती दिवस आहे ते विचारून हॉस्पिटलला जायला सांगितलं. तो चिडून गेला. ती शांतपणे मला म्हणाली, ''अंकल, पुढचा हात तुमचा.''

माझी पॉझिटिव्ह आली. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन, तीन दिवसांत सहा डोस. हे पाकिटावरही लिहिलेलं असतं, पण दुसरा डोस बारा नाही, आठ तासांनी घ्यायचा असतो आणि नेमका तोच लोक चुकवतात. मी पहिली गोळी तिथेच चार वाजता घेतली, म्हणजे दुसरी रात्री बाराला. तिनं मला तिच्यासमोर मोबाईलवर गजर लावायला लावला. शिवाय हे औषध अंगी लागायला पोटात स्निग्ध काहीतरी हवं. बाहेरून डोक्यावर टोपली घेतलेली बाई ओरडत चालली होती, ''ओक्पा दी ओकू!'' तिला हाक मारून गरम ओक्पा घेतला. बांबारा शेंगांच्या पिठात पाम तेल घालून वाफवलेला हा पिवळाधमक ओक्पा म्हणजे एनुगूची न्याहारी. दिसायला ढोकळ्याच्या जातीचा, पण घट्ट आणि पोटभरीचा. तो अर्धा खाल्ल्यावरच गोळी हातात मिळाली. तासाभरात उलटी झाली तर लगेच फोन करा, हेही बजावून झालं.

खऱ्या-खोट्या औषधाची धास्ती सगळ्यांनाच असते. मलेरियाच्या आणि अँटिबायोटिकच्या पाकिटांवर खरवडायची पट्टी असते. खालचा आकडा मोबाईलवरून एसेमेस केला की औषध अस्सल आहे की नाही ते फुकटात कळतं. नाफ्डॅकनं, म्हणजे इथल्या औषध नियामक संस्थेनं, 2010 मध्ये ही सोय सुरू केली. बहुतेक दुकानांत ती पट्टी कुणी खरवडत नाही. इथे काउंटरवर त्यासाठी एक नाणं ठेवलंय आणि खरवडायचं गिऱ्हाइकानं, असा तिचा नियम. काउंटरमागे डोरा अकुनयिली यांचा फोटो आहे. त्याही इग्बो, त्याही न्सुक्कात शिकलेल्या फार्मासिस्ट. 1988 मध्ये त्यांची बहीण बनावट इन्सुलिनमुळे गेली. 2001 मध्ये त्या नाफ्डॅकच्या प्रमुख झाल्या आणि बनावट औषधांच्या व्यापाऱ्यांच्या इतक्या मागे लागल्या, की 2003 च्या डिसेंबरात त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. गोळी डोक्याला चाटून गेली, त्या वाचल्या आणि काम सोडलं नाही. इथलं इन्सुलिन ज्या फ्रिजमध्ये असतं त्यात थर्मामीटर आहे, दारावर रोजच्या तापमानाची वही टांगलेली आहे, आणि वीज गेली की फ्रिज इन्व्हर्टरवर जातो. वीज इथे रोज जाते, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी दुकान निवडताना आधी ती वही बघावी.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. इग्बो आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. बाजार याच दिवसांवर भरतात. असे सात आठवडे म्हणजे एक महिना, 28 दिवसांचा. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीटही 28 चंच. आपण तारखा मोजतो, म्हणून 28 गोळ्यांचं पाकीट आपल्याला अडनिडं वाटतं. तीस तारखेला गोळ्या संपलेल्या असतात आणि दोन दिवसांचा खाडा पडतो. एका म्हातारीला ही मुलगी इग्बोत काहीतरी समजावत होती आणि पाकिटावर पेनानं 'न्क्वो' लिहीत होती. मी विचारलं. म्हणाली, ''या आजींना ऑगस्टची तारीख लक्षात राहत नाही, पण त्यांच्या गावचा बाजार न्क्वोला असतो. न्क्वोला सुरू केलं तर सातव्या आठवड्याच्या आफोला शेवटची गोळी, आणि पुढच्या न्क्वोला त्या बाजाराला म्हणून शहरातल्या लेकीकडून गावी निघतात, तेव्हा वाटेत इथे येतात.'' खेड्यांतून येणाऱ्या बऱ्याच बायकांच्या पाकिटांवर ती असे बाजारदिवस लिहिते. असा हिशेब कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. आपल्या लोकांचं कॅलेंडर ज्याला मनापासून आवडतं त्यालाच तो सुचतो. तिला आवडतं. भिंतीवर इग्बो-उकवू या गावी सापडलेल्या कांस्य कलशाचं चित्र आहे, भोवती दोरीची जाळी विणल्यासारखी ओतलेली. या वस्तू साधारण नवव्या शतकातल्या, आणि पहिल्या सापडल्या त्या 1939 च्या सुमारास एका घराच्या आवारात खणताना. विचाराल तर वीस मिनिटं जातील, टेस्टच्या पट्टीला लागतात तेवढीच.

पटाचं सांगतो. सोंगट्या प्लॅस्टिकच्या, एक काळा हत्ती हरवलाय, त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं झाकण. शनिवारी संध्याकाळी केके, म्हणजे इथल्या रिक्षा, चालवणारी पोरं, एक निवृत्त शिक्षक आणि जवळपासचे विद्यार्थी जमतात. टुंडे ओनाकोया या लेगॉसच्या खेळाडूनं 2024 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये सलग 60 तास बुद्धिबळ खेळून झोपडवस्तीतल्या मुलांसाठी पैसे उभे केले, तेव्हापासून पोरांची गर्दी वाढली, असं ती सांगते. ती स्वतः काळ्यानं फ्रेंच बचाव खेळते. मधलं केंद्र अडकवून ठेवते, तुम्ही राजाच्या बाजूला चढाई करायला गेलात की वजिराच्या बाजूचं प्यादं पुढे सारते आणि तुमच्या केंद्राचा पायाच उखडते. मी भारतीय म्हटल्यावर आनंदबद्दल विचारतील असं वाटलं होतं; तिनं विचारलं दिव्या देशमुखबद्दल. 2025 चा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेली नागपूरची मुलगी! एनुगूच्या बाकड्यावर तिचं नाव ऐकून छाती भरून आली. खेळापायी दुकानाकडे दुर्लक्ष होतं का? मुळीच नाही. गिऱ्हाईक उंबऱ्याशी आलं की ती घड्याळ थांबवते आणि उठते, मग मात एका चालीवर का असेना.

त्याच शनिवारी कधीकधी कोला येतो, पेय नव्हे, कोलाच्या झाडाचं कडू बी, आणि बरोबर ओसे ओजीची वाटी, म्हणजे शेंगदाण्याची तिखट चटणी. कोला बाईमाणसानं फोडायचा नाही अशी रीत आहे. ती कोला आणते, थाळी शिक्षकांपुढे धरते, ते इग्बोत प्रार्थना म्हणून फोडतात. चार पाकळ्या निघाल्या तर सगळे खूश होतात, चार बाजारदिवसांचा आशीर्वाद म्हणून. ही रीत तिला पटते का, हे मी सरळ विचारलं. म्हणाली, प्रार्थना तिला हवी आहे, बंदी नको आहे, आणि यावर तिचा शिक्षकांशी वाद चालूच असतो. मला मात्र तिनं नखाएवढाच तुकडा दिला: कोलात कॅफीन असतं आणि माझं प्रेशर तिच्या वहीत लिहिलेलं आहे.

उणिवाही आहेत. भाव ओनित्शाच्या घाऊक बाजारापेक्षा चढे. कार्ड मशीनचं नेटवर्क निम्म्या वेळा नसतं; मग बँक ट्रान्सफर करा आणि तिच्या फोनवर अलर्ट वाजेपर्यंत थांबा. जागा इतकी अरुंद, की खाजगी दुखणं सांगायचं तर बाकड्यावरच्या चौघांना ऐकू जातं. हे मला खरंच खटकतं. कोपऱ्यात एक पडदा लावला तरी पुरेल, आणि तो लावायला हवा. रविवारी चर्च सुटल्यावर, दुपारीच उघडतं. सोमवारचं वेगळंच: 2021 च्या ऑगस्टपासून या भागात सोमवारी घरी बसण्याचा बंद पाळला जायचा. राज्य सरकारनं 2023 च्या जूनमध्ये तो थांबवायचा आदेश काढला, पण अजून काही शटर सोमवारी उशिरा वर जातात. तेव्हा गोळ्या शनिवारीच घ्या. पाचनंतर गेलात तर शिक्षकही भेटतील. प्रिस्क्रिप्शन आणि आधीची रिकामी स्ट्रिप बरोबर न्या, कारण भारतातला ब्रँड इथे नसला तर ती मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम बघूनच पर्याय देते.