एस्ट्रॅडिओल जेल: गोळीपेक्षा सरस, पण मापात

पाळी जाताना येणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप यांवर ०.०६ टक्के एस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा एक प्रकार) जेल चांगलं लागू पडतं. गोळीतलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढवतं. कातडीतून जाणारं हा वळसा टाळतं. म्हणून आमचा कौल जेलला. तक्रार आहे ती मापाची.

१ ग्रॅम जेलमध्ये ०.६ मिलिग्रॅम एस्ट्रॅडिओल असतं. पंपाच्या एका दाबात १.२५ ग्रॅम येतं, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम. नव्या पंपातली हवा आधी काढा, पहिला अर्धवट दाब टाकून द्या. ट्यूब असेल तर सोबतच्या मापपट्टीनेच मोजा. बोटाच्या अंदाजाने घेतलं की आज जास्त, उद्या कमी. मग कधी स्तन दुखतात, कधी वाफा परततात आणि बोल लागतो औषधाला.

आंघोळीनंतर अंग कोरडं झालं की खांद्यापासून मनगटापर्यंत पातळ पसरा. मांडीची आतली बाजूही चालते. चोळून जिरवायची गरज नाही. स्तनांवर आणि योनीमार्गात कधीच नाही. ५ मिनिटं वाळू द्या, हात साबणाने धुवा. यात अल्कोहोल असतं, तेव्हा वाळेपर्यंत देवघरातली निरांजन आणि गॅस दोन्ही थांबू द्या. नाशिकच्या उन्हात गाडी काढायची तर सनस्क्रीन हवंच, पण त्या जागी तासाभराने. नातवंडाला उचलण्याआधी बाही खाली घ्या.

गर्भाशय असेल तर नुसतं जेल चालत नाही! अस्तर जाड होतं, पुढे कर्करोगाचा धोका. जोडीला प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाची कॅप्सूल लागते: साधारण रोज १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातून १२ दिवस २०० मिलिग्रॅम. झोप आणते, म्हणून रात्रीच.

स्तनाचा कर्करोग, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हे जेल नको. पूर्वी गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

घराजवळच्या मेडिकलमध्ये मिळालं नाही तर नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत विचारा. एस्ट्रिऑल क्रीम हातात पडली तर परत करा. ती योनीच्या कोरडेपणाची, वेगळी. ८० ग्रॅमचा पॅक रोज अडीच ग्रॅमने ३२ दिवस पुरतो, तेव्हा पुढचा महिनाअखेरीआधीच सांगून ठेवा, कॅप्सूलसकट.