42 हजार, सात महिने आणि डोक्यावरचा पंखा

आधी हिशेब. सेनहायझरचा एचडी 600 हेडफोन 26,500, टेबलावरचा डॅक-अँप (डिजिटल गाण्याचा विजेचा संकेत करून तो वाढवणारा डबा) 11,000 आणि चांदीचा मुलामा दिलेली केबल 4,500. झाले 42 हजार. त्याआधी वर्षभर मूनड्रॉपचा चू 2 हा इयरफोन कानात होता, दोन हजारांच्या आतला. खर्च वीसपटीच्या वर गेला. आवाज?

हेडफोनबद्दल तक्रार नाही. 1997 पासून हे मॉडेल टिकून आहे ते उगाच नाही. पहिल्याच रात्री ख्यालाचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. इयरफोनवर तानपुरा म्हणजे मागे चाललेली एक भणभण होती; इथे जोडीच्या तारा आणि खर्ज वेगवेगळे मोजता आले. गायिकेचा आवाज घशातून नाही, समोर बसलेल्या माणसाकडून आल्यासारखा वाटला. दोन-दोन तास डोक्यावर ठेवला तरी कान दुखत नाहीत, हा फायदा तर मी धरलाच नव्हता. पण डग्ग्याची घुमक आजही चूवरच जास्त भरते, अर्थात बुचं कानात घट्ट बसली तर. पाठ उघडी असलेल्या हेडफोनचा तो स्वभावच. शिवाय शेजारी झोपलेल्या माणसालाही मैफल ऐकावी लागते, यावर आमच्याकडे दोनदा भांडण झालंय. फोनसोबत मिळालेल्या इयरफोनवरून चूवर आलो तेव्हा जी उडी वाटली होती, ती यापेक्षा मोठी होती. खरं तेच सांगतो.

आता डबा, म्हणजे तो डॅक-अँप. 300 ओहमचा, म्हणजे विजेला जास्त अडवणारा हेडफोन आहे, अँप हवाच, असं सगळे म्हणतात म्हणून घेतला. महिनाभर ‘काय आवाज खुललाय’ म्हणत फिरलो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तो नुसता मोठ्यानं वाजतोय.’ मल्टिमीटर काढला, 1 किलोहर्ट्झचा सूर लावला आणि लॅपटॉपला लावायच्या अ‍ॅपलच्या चिमुकल्या हेडफोन-अडॅप्टरशी व्होल्टेज ताडून पाहिलं. डबा सव्वा डेसिबलनं वर होता. एवढ्याशा फरकालाही कान ‘सरस’ म्हणतो. दोन्ही सारखे केले, मी पाठ फिरवून बसलो, ती अदलाबदल करत राहिली. वीसपैकी 11 बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते. नंतर गणित केलं: या हेडफोनला 1 व्होल्ट मिळाला की 97 डेसिबल, आणि तो अडॅप्टर जवळपास तेवढा देतो. त्याहून मोठ्यानं ऐकायला मी काही बहिरा नाही.

केबलवर जास्त लिहीत नाही. विकणारा म्हणाला, ‘शंभर तास वाजू द्या, मग खुलेल.’ रोज दीड तास ऐकणाऱ्याला शंभर तास व्हायला दोन महिने लागतात. परत करायची मुदत दहा दिवसांची. काय ते समजा.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली. डबा बंद, लॅपटॉप बॅटरीवर, म्हणून तोच अडॅप्टर लावला. पंखाही थांबला होता. तानपुऱ्याची आस विरताना मागे जी शांतता असते, ती सात महिन्यांत पहिल्यांदा कानावर पडली. घामानं निथळत पूर्ण राग ऐकला.

डबा 6,500 ला विकला. त्यातून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा आणलाय; एक नंबरवर ठेवला तर रेग्युलेटरची ती जुनी गुणगुण नाही.