शहरातल्या फेरफटक्यासाठी दुर्बीण: ८×४२, पणजीच्या रस्त्यांवर

दुर्बीण मागितली की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या अभयारण्यात, बोंडला की मोले? कुठेच नाही, पणजीतच फिरायला हवी, असं सांगितलं तर तो जरा थांबतो आणि मग सगळ्यात मोठी, १०×५० पुढे करतो. ती घेऊ नका. मी ८×४२ घेतली, दहा हजारांच्या आतली, आणि रोज सकाळी मळा या पणजीतल्या वाड्यातून निघून पाटोच्या पुलापर्यंत किंवा चर्चपर्यंत जाते तेव्हा ती गळ्यात असते. या मापाच्या आणि किमतीच्या चार-पाच कंपन्यांच्या दुर्बिणी बाजारात मिळतात, त्यामुळे एका नावाची जाहिरात करत नाही. काय बघून घ्यायची आणि ती शहरात काय काय दाखवते, ते सांगते.

आधी आकडे. पहिला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते. चाळीस मीटरवरचा पक्षी पाच मीटरवर आल्यासारखा. दुसरा ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात उतरतो. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये तोच जेमतेम ३ मिलिमीटर. भर उन्हात दोन्हींत फारसा फरक कळत नाही, पण सकाळी सहा-सव्वासहाला आल्तिनो टेकडीवरच्या झाडांखाली कळतो. लहान दुर्बिणीत पानं काळी दिसतात, हिच्यात हिरवी. दहापटवाली नको म्हणते ती हातामुळे. हात थोडा तरी हलतोच, आणि ते हलणंही दहापट मोठं होऊन दिसतं. शिवाय १०×५० आठशे-नऊशे ग्रॅम भरते. माझी साडेसहाशेच्या आसपास आहे.

शहरात फिरणाऱ्यांनी पेटीवरचा आणखी एक आकडा वाचावा: सर्वांत जवळचं फोकस. दोन मीटर किंवा त्याहून कमी असेल तरच घ्या. जंगलात त्याने फारसं बिघडत नाही. गल्लीत मात्र बघण्यासारखं बरंच काही हाताच्या अंतरावर असतं: आंब्याची पानं शिवून केलेलं हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांचं, घर, चिऱ्याच्या भिंतीवरचं शेवाळं, दारावरच्या टाईलमधली निळी रेघ.

ही दुर्बीण सगळ्यात जास्त वसूल झाली ती रुआ दी ओरें या रस्त्यालगतच्या खाडीवर. आपण सगळे त्या रस्त्याने जातो, नाकाला रुमाल लावतो आणि पुढे होतो. ओहोटीच्या वेळी कठड्याशी उभं राहून खारफुटीच्या मुळांपाशी फोकस लावा. चिखल हलताना दिसतो. निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, पुढच्या परांवर रेलून चढतात, थांबतात, डोळे आत ओढून घेतात आणि पुन्हा वर काढतात. शेजारी नखाएवढ्या कुर्ल्या. नराची एक नांगी अंगाला न शोभेल इतकी मोठी, आणि ती तो सारखी वर-खाली हलवत असतो, मादीला बोलावायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. दुसऱ्या, लहान नांगीने चिखलातलं खाणं उचलून तोंडात घालणं चालूच असतं. मादीला दोन्ही नांग्या लहान, म्हणून ती दोन्ही हातांनी जेवते. नुसत्या डोळ्यांना हे सगळं करडं दिसतं. आठपटीत त्या मोठ्या नांगीचा रंग दिसतो आणि मी अर्धा तास जागची हलत नाही. कठड्यावर कोपरं टेकवायची, मग चित्र अगदी स्थिर राहतं. वरच्या तारेवर खंड्या बसलेला असतोच, पण तो बिनदुर्बिणीचाही दिसतो.

इतिहासासाठी दुर्बीण कशाला, असं माझ्या नणंदेने विचारलं होतं. तिला मी चर्चच्या पायऱ्यांखाली उभं केलं आणि घंटा बघायला लावली. ती घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ ओस पडल्यावर ती आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. गोव्यात तिच्याहून मोठी एकच, जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधली. हे बहुतेक पणजीकरांना ऐकून माहीत असतं. पण खालून दिसतो तो पांढऱ्या कमानीतला एक काळा आकार. दुर्बिणीतून तिची कड दिसते, आणि ती टांगायची व्यवस्थाही. नणंद नंतर काही बोलली नाही, पण दुर्बीण बराच वेळ परतही दिली नाही.

तिथून खाली उतरलं की मुन्सिपल गार्डन. मूळ नाव गार्सिया द ऑर्ता या वैद्याचं. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. आणि त्याच माणसाची हाडं मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, उकरून जाळली, कारण तो मूळचा ज्यू. बागेच्या मधोमध जो खांब आहे त्यावर एके काळी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता. आज अशोकाचे सिंह आहेत. सिंहांच्या आयाळी खालून नीट दिसत नाहीत, दुर्बिणीतून एकेक वळण मोजता येतं. झाडांवर तांबट टुक्-टुक् करत असतो. आवाज सगळ्यांना येतो, पक्षी कुणालाच सापडत नाही, कारण तो पानांसारखाच हिरवा. वाळक्या फांद्यांच्या टोकांवर शोधा. एकदा भिंगात आला की कपाळावरचा आणि छातीवरचा लाल रंग बघून तोंडातून शब्द निघत नाही. वनस्पतींवर लिहिणाऱ्याच्या बागेतल्या झाडांवर नावांच्या ठळक पाट्या हव्यात, असं मला फार वाटतं.

फोंताइन्हास या जुन्या घरांच्या वस्तीत दुर्बीण जपून वापरा, हे कळकळीने सांगते. तिथे माणसं राहतात. फोटोवाल्यांनी त्यांना आधीच वैताग आणलाय, त्यात कुणी डोळ्यांना दुर्बीण लावून खिडकीकडे बघू लागलं तर त्यांना काय वाटेल? मी छपरं, पाकोळ्या आणि आभाळ एवढंच बघते, आणि घर बघायचं असेल तर विचारते. एकदा एका बाल्कनीतून आवाज आला, "कितें पळयता गो बाय?" मी म्हटलं, "आंटी, तुमचें जनेल. शिंपांचें न्हय तें?" त्यांनी वर बोलावलं. जुन्या घरांच्या खिडक्यांना काच नसायची, चपट्या शिंपांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असायचे. उजेड आत येतो, ऊन येत नाही, बाहेरचं काही दिसत नाही. दोन मीटरवरून दुर्बीण लावली तर शिंपल्याचे वाढीचे थर दिसतात, एकाआड एक, मोतिया. हा शिंपला जुवारी नदीच्या मुखाशी, चिखलीच्या उपसागरात आजही जगतो आणि आता कायद्याने संरक्षित आहे. म्हणून फुटलेल्या तावदानाच्या जागी आंटींना काचच बसवावी लागलीय. मग त्यांनी दुर्बीण घेतली, त्यांच्या चष्म्यासाठी मी आयकप, म्हणजे डोळ्यांना टेकणाऱ्या कडा, फिरवून खाली करून दिले, आणि त्या खाडीकडे बघत बसल्या. चहा थंड झाला.

चष्मेवाल्यांनी हे आयकप दुकानातच तपासावेत. फिरवून पूर्ण खाली जायला हवेत, तरच चष्म्यातून पूर्ण गोल दिसतो. उजव्या आयपीसवर, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगावर, वेगळी कडी असते. आधी डावा डोळा मधल्या चाकाने, मग उजवा त्या कडीने जुळवायचा. हे कुणी सांगत नाही आणि लोक "डोकं दुखतं" म्हणून दुर्बीण कपाटात टाकतात. दुकानाच्या दारात येऊन रस्त्यापलीकडची पाटी वाचा. अक्षरांच्या कडांना जांभळी झालर दिसली तर दुसरी मागा.

रायबंदरच्या कॉजवेवर मात्र मी हिला पूर्ण गुण देणार नाही. हा रस्ता १६३३-३४ मध्ये लिन्यारिशच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने बांधवला. तीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा तो दगडी पूल आजही गाड्या पेलतो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. हिवाळ्यात तिथे तुतवार आणि शेकाट्या हे पाणपक्षी उतरतात, पण लांब उतरतात. तुतवारांच्या जाती ओळखायला आठपट कमी पडते, आणि बसगाड्या गेल्या की कठडा थरथरतो. त्या कामाला तिपाईवरची दुर्बीणच हवी. चोडणला सलीम अली अभयारण्यात होडीतून फिरताना मात्र हीच बरी, कारण हलत्या होडीत दहापटीने काही धड दिसत नाही.

पावसाळा हा गोव्यात दुर्बिणीचा खरा शत्रू. "वॉटरप्रूफ" आणि "नायट्रोजन भरलेली" हे दोन्ही शब्द पेटीवर असतील तरच पैसे द्या. आत कोरडा नायट्रोजन असला की आतून वाफ धरत नाही. बाहेरून बुरशी धरतेच. सोबत मिळणारी कापडी पिशवी कपाटात ठेवू नका, दमट राहते. मी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते आणि पुड्या उन्हात तापवून पुन्हा वापरते. खाडीवरून आल्यावर भिंगावर खारट धूळ असते. ती आधी फुंकणीने उडवायची, मगच मऊ कापड. पदराने पुसली की चरे पडलेच म्हणून समजा.

तक्रारी दोन. पुढच्या भिंगांची झाकणं सैल आहेत; एक पाटोच्या पुलावरून खाडीत गेलं आणि सुटं मिळत नाही. आणि सोबतचा पट्टा मानेला कापतो. दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा वेगळा विकत घ्या, वजन जाणवेनासं होतं.

घरात शाळकरी मूल असेल आणि त्यालाही बरोबर न्यायचं असेल तर ८×३२ बघा. ती पाचशे ग्रॅमच्या आसपास असते आणि दोन नळ्या जास्त जवळ येतात का ते मुलाच्या डोळ्यांना लावूनच पाहा, कारण मोठ्यांच्या काही दुर्बिणींत मुलांना दोन वेगळे गोल दिसतात. पहाटेचा उजेड थोडा कमी मिळेल, पण कुर्ल्या बघायला ऊनच लागतं.